अखेरच्या अंकाचा प्रश्न : जेम्स ब्रायडी यांची नाटके आणि पटकथा

स्कॉटिश नाटककार जेम्स ब्रायडी यांच्याविषयी एक आक्षेप इंग्रजी नाट्यसमीक्षेत इतक्या वेळा नोंदवला गेला आहे की त्याचे आक्षेपपण संपून तो आता निव्वळ परिचयवाक्य बनला आहे. ब्रायडी यांना शेवट साधत नाही. त्यांचे पहिले दोन अंक तल्लख असतात आणि तिसरा विस्कळीत, असा हा आक्षेप. आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रांस्वा त्र्युफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत ब्रायडी यांच्या पटकथालेखनाची चिकित्सा करताना नेमका हाच मुद्दा पुढे केला आहे. खुद्द ब्रायडी यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वन वे ऑफ लिव्हिंग’ या आत्मचरित्रात त्यावर मिस्कील उत्तर देऊन ठेवले होते. शेवट करणे ही गोष्ट मुळात माणसाच्या अधिकारातली नव्हेच, अशा आशयाचे ते उत्तर. आक्षेपकांनी ते विनोद म्हणून बाजूला ठेवले आणि समर्थकांनी तत्त्वज्ञान म्हणून जसेच्या तसे स्वीकारले. दोन्ही प्रतिक्रिया सोयीच्या आहेत. त्यामुळे खरा प्रश्न विचारायचाच राहून गेला. ब्रायडी यांच्या कोणत्या नाटकात शेवटाचा अभाव हा संरचनेचा अपरिहार्य भाग आहे आणि कोणत्या नाटकात तो केवळ लेखकाचा उतावळेपणा आहे? हा भेद केल्यावाचून त्यांच्या नाट्यकर्तृत्वाचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

भरतप्रणीत नाट्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर ही निर्वहणसंधीची समस्या आहे. मुखसंधीत पेरलेले बीज निर्वहणात फलरूप व्हावे, विखुरलेली सूत्रे एकत्र यावीत, आणि नायकाला फलप्राप्ती व्हावी, ही तेथील अपेक्षा. ॲरिस्टॉटलच्या आदि-मध्य-अंत या कल्पनेत फल नसले तरी अनिवार्यता आहे. अंत म्हणजे ज्याच्यानंतर काहीही घडण्याची गरज उरत नाही अशी अवस्था. या दोन्ही मीमांसांचे एक गृहीत समान आहे. कृतीचे मोजमाप तिच्या परिणामावरून करता येते, असे ते गृहीत. ब्रायडी यांचा विरोध या गृहीताला आहे, आणि तो सौंदर्यशास्त्रीय कारणांपेक्षा त्यांच्या व्यवसायातून व स्कॉटलंडच्या धर्मपरंपरेतून आलेला आहे.

ब्रायडी हे टोपणनाव. ऑस्बर्न हेन्री मेव्हर हे मूळ नाव. जन्म ग्लासगोत, ३ जानेवारी १८८८ रोजी, वडील विद्युत-अभियंते. ग्लासगो विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेताना त्यांनी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात लिहिण्यात आणि चित्रे काढण्यात इतका वेळ घालवला की पदवी मिळायला १९१३ साल उजाडले. पहिल्या महायुद्धात ते लष्करी वैद्यकीय दलात होते. फ्रान्सनंतर मेसोपोटेमिया, इराण आणि कॉकेशस असा त्यांचा प्रवास झाला. ‘सम टॉक ऑफ अलेक्झांडर’ हे त्यांचे १९२६चे पुस्तक या काळावर आहे. मेसोपोटेमियाची मोहीम मुख्यतः हिंदी सैन्याच्या बळावर चालली होती, आणि कुतच्या वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या, ही गोष्ट मराठी वाचकाला आठवल्याशिवाय राहणार नाही. साम्राज्याच्या या टोकाशी ब्रायडी यांचा संबंध लष्करी डॉक्टरचा होता. आयुष्याच्या अगदी शेवटी लिहिलेल्या नाटकात तो संबंध वेगळ्या रूपात परत येतो. युद्धानंतर त्यांनी ग्लासगोत वैद्यकीय व्यवसाय केला, व्हिक्टोरिया इन्फर्मरीत काम केले, अँडरसन कॉलेजात वैद्यकाचे अध्यापन केले. पहिले नाटक रंगभूमीवर आले १९२८ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, आणि तेही मेरी हेंडरसन या स्त्रीनामाने. ‘द सनलाइट सोनाटा’ हे ते नाटक टायरोन गथ्री यांनी स्कॉटिश नॅशनल प्लेयर्ससाठी बसवले होते. डॉक्टरकीवर पोट असलेल्या माणसाला नाटककार म्हणून ओळखले जाणे परवडणारे नव्हते, हे टोपणनावांमागचे साधे कारण. वैद्यकीय व्यवसाय त्यांनी पूर्णपणे सोडला तो १९३८च्या सुमारास.

मराठीत ‘निदान’ हा शब्द दोन दिशांना पाहतो. वैद्यकात तो रोगाच्या मूळ कारणाचा शोध. जुन्या मराठीत मात्र ‘निदानी’ म्हणजे अखेरीस, शेवटी. आरंभ आणि अंत यांना एकाच शब्दात बांधणारी ही भाषिक जोडणी ब्रायडी यांच्या नाटकात जाणीवपूर्वक तोडलेली दिसते. कारणाचा शोध ते मोठ्या उत्साहाने घेतात. रोग्याचे पुढे काय झाले हे सांगायची वेळ आली की मात्र ते थांबतात. रुग्णाच्या नोंदपत्रावर मृत्यूची नोंद म्हणजे त्या आयुष्याचा अर्थ नव्हे, हे डॉक्टरला ठाऊक असते. स्कॉटलंडच्या कॅल्व्हिनपंथी धर्मविचाराने याच जाणिवेला वेगळी धार दिली. कोण तरणार आणि कोण नाही हे ईश्वराने आधीच ठरवलेले आहे, आणि माणसाच्या आचरणावरून ते ओळखता येत नाही, असे मानणाऱ्या समाजात सज्जनाला बक्षीस आणि दुर्जनाला शिक्षा देणारा तिसरा अंक हा एका अर्थाने धर्मबाह्य ठरतो. ब्रायडी श्रद्धाळू नव्हते. पण ज्या श्रद्धेशी ते आयुष्यभर वाद घालत राहिले तिचे व्याकरण त्यांच्या नाटकांत उतरले आहे.

‘द ॲनाटॉमिस्ट’ (१९३०) हे याचे सर्वांत भक्कम उदाहरण. १८२८ सालच्या एडिनबरोत बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा माणसे मारून त्यांची प्रेते शरीरशास्त्राच्या वर्गाला विकली. विकत घेणारे होते डॉ. रॉबर्ट नॉक्स, त्या काळचे सर्वांत लोकप्रिय शरीरशास्त्र-अध्यापक. हेअर माफीचा साक्षीदार झाला, बर्क २८ जानेवारी १८२९ रोजी फासावर गेला, आणि नॉक्सवर खटलाच झाला नाही. बर्कचा सांगाडा एडिनबरो विद्यापीठाच्या शरीरशास्त्र संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. प्रेतांच्या चोरट्या बाजाराला आळा घालणारा कायदा १८३२ मध्ये आला. इतिहासानेच या प्रकरणाचा शेवट अर्धवट ठेवलेला आहे. गरीब खुनी मेला, कायदा सुधारला, आणि ज्याच्या मागणीने हा पुरवठा निर्माण झाला तो १८६२ पर्यंत जगला.

एखाद्या सामान्य नाटककाराने येथे नॉक्सला पश्चात्ताप करायला लावला असता किंवा त्याला शास्त्राचा हुतात्मा केले असते. ब्रायडी दोन्ही टाळतात. नाटकाचा बराचसा भाग डिशार्ट कुटुंबाच्या प्रतिष्ठित दिवाणखान्यात घडतो. नॉक्सचा तरुण सहायक वॉल्टर अँडरसन आणि त्याची वाग्दत्त वधू यांच्या रुसव्याफुगव्यांची हलकीफुलकी सुखात्मिका तेथे चालू असते. त्याच रात्री वॉल्टर एका दारूच्या गुत्त्यात मेरी पॅटरसन या मुलीला भेटतो, आणि काही तासांतच तिचे प्रेत नॉक्सच्या दालनात येऊन पडते. (१९३१च्या लंडन प्रयोगात हेन्री एनली यांनी नॉक्सची आणि फ्लोरा रॉबसन यांनी मेरीची भूमिका केली. वेस्टमिन्स्टर थिएटर या नाटकाने सुरू झाले.) दोन अंकांतील हे स्थलांतर दिवाणखाना, गुत्ता आणि विच्छेदनगृह यांना एकाच रक्तप्रवाहाने जोडते. जी मुलगी काल रात्री हसत-बोलत होती ती आज ‘विषय’ झाली आहे. वॉल्टरला ते कळते आणि नॉक्स त्याला गप्प करतो.

तिसऱ्या अंकात बाहेर जमाव नॉक्सच्या रक्ताला तहानलेला आहे. नॉक्स डिशार्टांच्या घरात आश्रयाला येतो. त्याच्यावर निष्ठा असलेले विद्यार्थीही तेथे गोळा होतात. आता न्यायनिवाडा होईल, निदान कबुली तरी मिळेल, ही प्रेक्षकाची अपेक्षा शिगेला पोचलेली असताना नॉक्स त्या दिवाणखान्यातच आपले व्याख्यान सुरू करतो. विषय असतो गेंड्याचे हृदय. पडदा पडतो.

आक्षेपकांना हा शेवट म्हणजे पळवाट वाटली. परंतु व्याख्यानाचा विषय आणि स्थळ यांकडे लक्ष दिले तर वेगळे दिसते. हृदय हा शब्द या नाटकात दोन अंकांभर प्रेमिकांच्या तोंडी आला आहे. शेवटी तो वजन-मापे असलेला स्नायू होऊन येतो, आणि तोही जाड कातडीच्या जनावराचा. नॉक्स स्वतःविषयी बोलत आहे हे त्याला ठाऊक आहे की नाही, हे संहिता सांगत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ज्या दिवाणखान्याने आपण या सगळ्यापासून दूर आहोत असे मानले होते तोच आता विच्छेदनवर्ग झाला आहे. सहानुभूती, घृणा, शास्त्रनिष्ठा यांपैकी कोणत्याही एका बाजूला प्रेक्षकाला उभे राहू न देता नाटक थांबते. निर्वहण येथे नाही असे म्हणता येणार नाही. ते पात्राच्या दैवात घडत नाही, स्थळात घडते. मेरी पॅटरसनला मात्र या शेवटात जागा नाही. जमावाच्या आरोळ्यांतही ती एक निमित्त आहे. ही उणीव नाटकाची की नाटकाने दाखवलेल्या समाजाची, याचे उत्तर देणे कठीण आहे, आणि ब्रायडी यांच्याविषयीचा सर्वांत गंभीर आक्षेप येथूनच सुरू व्हायला हवा होता.

‘अ स्लीपिंग क्लर्जीमन’ (१९३३) अधिक महत्त्वाकांक्षी आणि अधिक डळमळीत आहे. कॅमेरन घराण्याच्या तीन पिढ्या. पहिला चार्ल्स हा क्षयाने खंगलेला, बेफिकीर वैद्यक-विद्यार्थी. त्याची अनौरस मुलगी आपल्या प्रियकराला विष देते, आणि तिचा मुलगा, दुसरा चार्ल्स, जगाला महामारीपासून वाचवणारी लस शोधतो. माल्व्हर्नच्या महोत्सवात रॉबर्ट डोनॅट यांनी दोन्ही चार्ल्स रंगवले. आनुवंशिकतेचा नियतिवाद येथे उलटा केलेला आहे. वाईट रक्तातून चांगले फळ येते. ही सगळी कहाणी ग्लासगोतल्या डॉक्टरांच्या क्लबात सांगितली जाते आणि तिथे खुर्चीत एक पाद्री झोपलेला असतो. ईश्वर सृष्टी निर्माण करून डुलकी घेत आहे, हा रूपकाचा अर्थ कोणाच्याही लक्षात येतो, आणि तीच त्याची मर्यादा. येथे ब्रायडी यांनी शेवट केला आहे, तोही तत्त्वाच्या पुष्ट्यर्थ, आणि नाटकाचा जीव पातळ झाला आहे. जेथे ते शेवट करतात तेथे ते फसतात, असा एक उलटा नियम या नाटकावरून मांडण्याचा मोह होतो. पण ‘डॉक्टर एंजेलस’ हे १९४७चे नाटक तो नियम लगेच मोडते. बायको व सासूला विष देऊन मारणाऱ्या आणि १८६५ मध्ये ग्लासगोत जाहीर फाशी गेलेल्या डॉ. प्रिचर्डच्या प्रकरणावर ते आधारलेले आहे. तेथे पोलीस येतात, गुन्हा उघड होतो, सगळे रीतसर होते. तरीही लक्षात राहतो तो मृत्यूच्या दाखल्यावर सही करणारा नवखा सहकारी डॉक्टर. वरिष्ठाविषयीचा आदर आणि स्वतःच्या पोटापाण्याची चिंता यांत त्याचे निदान अडकते. या भूमिकेची बरोबरी ब्रायडी यांच्या इतर कोणत्याही तरुण पात्राला करता येत नाही. शेवट बंद असूनही नाटक टिकते, कारण दोष नेमका कोणाचा हा प्रश्न उघडा राहतो.

बायबलमधील कथांवरची नाटके, ‘टोबायस अँड द एंजल’ (१९३०), ‘जोना अँड द व्हेल’ (१९३२) आणि ‘सुसॅना अँड द एल्डर्स’ (१९३७), ही हौशी संस्थांनी पुष्कळ केली. त्यांत ‘टोबायस’ सर्वांत गोड आहे आणि तेवढेच पुरेसे आहे. ‘मिस्टर बोल्फ्री’ (१९४३) मात्र थांबून पाहण्यासारखे. युद्धकाळात हायलँड्समधील एका कडव्या पाद्र्याच्या घरी राहायला आलेले कंटाळलेले सैनिक आणि त्या घरातली भाची एका जुन्या जादूटोण्याच्या ग्रंथाच्या आधारे सैतानाला बोलावतात. सैतान येतो तो पाद्र्याच्याच वेशात, आणि प्रवचन करतो ते पाद्र्याच्या तोडीचे. सकाळी सगळ्यांना वाटते की ते स्वप्न होते. मग त्याची विसरलेली छत्री आपली आपण रंगमंचावरून चालत निघून जाते. ॲलिस्टर सिम यांच्या दिग्दर्शनाखाली लंडनमध्ये हे नाटक चालले. छत्रीचा हा शेवट एखाद्याला पोरकट वाटेल. परंतु रात्रीच्या वादात सैतान हरला की पाद्री, याचा निकाल शब्दांनी लागू शकत नाही हे ओळखून नाटककाराने वाद एका वस्तूच्या हवाली केला आहे. शॉ यांच्याशी ब्रायडी यांची तुलना नेहमी होते. शॉ यांच्या नाटकात ती छत्री बोलली असती, येथे ती फक्त चालते, एवढे सांगितले तरी दोघांतला फरक पुरेसा स्पष्ट होतो.

ब्रायडी यांच्या पटकथालेखनाकडे त्यांच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. विनिफ्रेड बॅनिस्टर यांच्या १९५५च्या आणि हेलन लायबेन यांच्या १९६५च्या ग्रंथांचा भर नाटकांवरच आहे. सामान्यतः पैशासाठी केलेले काम म्हणून ते उरकले जाते. पण शेवटाच्या प्रश्नाची खरी कसोटी येथेच लागते, कारण हॉलिवूडच्या चौकटीत शेवट हा लेखकाच्या मर्जीचा विषय नव्हता. त्या काळच्या अमेरिकन सेन्सॉर-संहितेनुसार गुन्ह्याला शिक्षा अनिवार्य होती. हिचकॉक यांच्यासाठी ब्रायडी यांनी तीन चित्रपटांवर काम केले. ‘द पॅराडाइन केस’ (१९४७) मध्ये निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी अखेरीस स्वतःच पटकथा लिहून काढली. ब्रायडी यांचा हात त्यात किती उरला हे पडद्यावरून ओळखता येत नाही. ‘स्टेज फ्राइट’ (१९५०) मध्ये त्यांचे नाव पूरक संवादांपुरते आहे.

मधला चित्रपट, ‘अंडर कॅप्रिकॉर्न’ (१९४९), मात्र पटकथाकार म्हणून त्यांच्याच नावावर आहे. हेलन सिम्पसन यांच्या कादंबरीवर आधारलेली ही कथा १८३१च्या सिडनीत घडते. उमराव घराण्यातली हेन्रिएटा आपल्या घोड्यांच्या मोतद्दाराबरोबर पळून जाते. तिच्या हातून भावाचा खून होतो. नवरा तो गुन्हा अंगावर घेऊन काळ्या पाण्याची शिक्षा भोगतो. शिक्षा संपल्यावर तो श्रीमंत होतो आणि ती दारूत बुडते. इंग्रिड बर्गमन यांनी एका प्रदीर्घ, न तुटणाऱ्या चित्रणात हा कबुलीजबाब दिला आहे. गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याची, हा ‘द ॲनाटॉमिस्ट’चाच ढाचा. फरक असा की येथे तो खालच्या वर्गातला माणूस प्रेमाखातर शिक्षा स्वीकारतो, आणि नेमके हेच ते दांपत्य एकमेकांना कधी माफ करू शकत नाही. चित्रपट लोकांनी नाकारला. हिचकॉक यांनी पुढे त्याचे खापर काही अंशी स्वतःवर आणि काही अंशी ब्रायडी यांच्या रचनाशैथिल्यावर फोडले. फ्रेंच समीक्षकांनी मात्र त्यातच हिचकॉक यांची एक श्रेष्ठ कृती पाहिली. वस्तुतः चित्रपटाचा शेवटचा भाग इतरांहून कमकुवत आहे तो ब्रायडी यांच्या सवयीमुळे नव्हे. कबुलीनंतर सांगण्यासारखे काही उरलेले नसतानाही कथानकाला सर्व गाठी सोडवाव्या लागतात, म्हणून तो कमकुवत आहे. हे दांपत्य कबुलीच्या क्षणापाशी सोडून दिले असते तर तो ब्रायडी यांचा शेवट झाला असता.

‘स्टेज फ्राइट’मधील एक योगायोग येथे नोंदवण्यासारखा आहे. चित्रपट नाट्यगृहाचा लोखंडी पडदा वर जाण्याने सुरू होतो आणि गुन्हेगाराचा अंत तोच पडदा अंगावर कोसळून होतो. ही कल्पना कोणाची हे श्रेयनामावलीवरून ठरवता येत नाही. पण ज्या लेखकावर पडदा नीट पाडता येत नाही असा आरोप होता त्याचे नाव असलेल्या चित्रपटात पडद्यानेच शेवट करावा, हा इतिहासाचा विनोद ब्रायडी यांनाही आवडला असता.

या सगळ्याला संस्थात्मक बाजू आहे, आणि ती टाळून केलेले ब्रायडी-गौरव अपुरे आहेत. १९४३ मध्ये त्यांनी कलासंग्रहालयाचे संचालक टॉम हनीमन आणि चित्रपटगृहांचे मालक जॉर्ज सिंगलटन यांच्यासह ग्लासगोत सिटिझन्स थिएटरची स्थापना केली; १९४५ मध्ये ते गॉर्बल्स या कामगारवस्तीतल्या जुन्या रॉयल प्रिन्सेस नाट्यगृहात गेले. एडिनबरो महोत्सवात १९४८ मध्ये सोळाव्या शतकातले डेव्हिड लिंडसी यांचे ‘अ सॅटायर ऑफ द थ्री एस्टेट्स’ गथ्री यांच्या दिग्दर्शनाखाली उभे राहिले, त्यामागेही ब्रायडी यांची प्रेरणा होती. १९५० मध्ये ग्लासगोत सुरू झालेले नाट्यविद्यालय हेही त्यांच्याच पुढाकाराचे फळ. एका माणसाने एका देशाच्या रंगभूमीला इतक्या ठिकाणी आधार दिल्याची उदाहरणे थोडी असतात.

परंतु त्याच काळात त्याच शहरात ग्लासगो युनिटी थिएटर ही डाव्या विचारांची, कामगारांमधून आलेल्या नटांची संस्था कार्यरत होती. ‘द गॉर्बल्स स्टोरी’ (१९४६) या तिच्या नाटकाने सिटिझन्सला हेवा वाटावा इतकी गर्दी खेचली. १९४७ मध्ये पहिल्या एडिनबरो महोत्सवाच्या तोंडावर आर्ट्स कौन्सिलने युनिटीला दिलेला आधार काढून घेतला. कौन्सिलच्या स्कॉटलंडमधील कारभारात तेव्हा ब्रायडी यांचा शब्द निर्णायक मानला जाई, आणि युनिटीच्या लोकांनी त्याचा दोष त्यांनाच दिला. युनिटी १९५१ पर्यंत कशीबशी तगली. तिच्या मंचावर १९४७ मध्ये आलेले ईना लॅमाँट स्टुअर्ट यांचे ‘मेन शुड वीप’ हे नाटक येथे मुद्दाम आठवावे लागते. ग्लासगोच्या चाळवजा घरात दारिद्र्याशी झगडणाऱ्या मॅगी मॉरिसनचे हे नाटक मूळ संहितेत मृत्यूंच्या मालिकेने संपत असे. लेखिकेने पुढे ते बदलले. १९८२ मध्ये ७:८४ या नाट्यसंस्थेने ते पुन्हा आणले तेव्हा प्रेक्षकांनी पाहिली ती नवऱ्यापुढे प्रथमच ठामपणे उभी राहणारी आणि नव्या घराकडे डोळे लावलेली मॅगी. एका ग्लासगोकर लेखिकेला आपला अखेरचा अंक दुरुस्त करून रंगभूमीवर पाहण्यासाठी पस्तीस वर्षे थांबावे लागले.

ही तुलना ब्रायडी यांच्यावर अन्याय करण्यासाठी नाही. शेवट नाकारणे हे ब्रायडी यांच्या नाटकांचे बळ आहे हे मान्य केले तरी ते नाकारण्याची मुभा कोणाला असते हा प्रश्न उरतो. नॉक्सला शेवट नसला तरी चालते, कारण त्याच्या डोक्यावर छप्पर आहे, विद्यार्थी आहेत, भाषा आहे. मेरी पॅटरसनला शेवट आधीच मिळालेला आहे. मॅगीला शेवट हवा असतो कारण तिच्या दृष्टीने शेवट म्हणजे दोन खोल्या आणि स्वतंत्र नळ. ब्रायडी यांच्या खुल्या शेवटांची तत्त्वचर्चा करणाऱ्यांनी हा वर्गीय भेद कधी गणनेत घेतलेला दिसत नाही.

भाषेच्या बाबतीतही हीच ताणाताण आहे. रॉबर्ट मॅक्लेलन यांनी संपूर्ण नाटके स्कॉट्समध्ये लिहिली. ब्रायडी यांनी लंडनच्या रंगभूमीला चालेल अशी इंग्रजी वापरली आणि स्कॉट्स मोलकरणी, द्वारपाल, शिपाई यांच्या तोंडी दिली. त्यांच्या इंग्रजीत प्रवचनाची आणि न्यायालयीन युक्तिवादाची स्कॉटिश लय आहे हे खरे. तरी मंचावर कोणती भाषा कोणाच्या वाट्याला आली हे पाहिल्यावर समर्थन थोडे सैल पडते. ‘डॅफ्ने लॉरिओला’ (१९४९) या त्यांच्या सर्वांत यशस्वी लंडन-नाटकात तर स्कॉटलंड जवळजवळ नाहीच. ईडिथ एव्हन्स यांनी सोहोतल्या उपाहारगृहात मद्याच्या अमलाखाली बोलणाऱ्या लेडी पिट्सची भूमिका अजरामर केली आणि त्या एका दृश्यावर नाटक तरले. शेवटी ती तरुण पोलिश प्रेमिकाच्या स्वप्नाला बाजूला सारून आपल्या नोकराशी लग्न करते. हा शेवट धारदार आहे, परंतु त्यामागे नाटक उभे नाही.

अखेरच्या दोन नाटकांत ब्रायडी यांनी शेवटाच्या प्रश्नालाच विषय केले. ‘द क्वीन्स कॉमेडी’ १९५०च्या एडिनबरो महोत्सवात झाले. ट्रॉयच्या युद्धात मेलेले साधे सैनिक देवांपुढे उभे राहतात आणि ज्युपिटर त्यांना सांगतो की हे विश्व अजून बनवून पुरे झालेले नाही. झोपलेल्या पाद्र्याचे रूपक येथे जागे झाले आहे, आणि त्याचे उत्तर ऐकणारे प्रथमच हाल सोसलेले लोक आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर पाच वर्षांनी हे वाक्य सभागृहात कसे ऐकले गेले असेल याची कल्पना करता येते. देवाचे उत्तर सौम्य आहे, पण ते समाधान करत नाही, आणि नाटककाराने ते समाधानकारक आहे असे भासवलेलेही नाही.

ब्रायडी २९ जानेवारी १९५१ रोजी एडिनबरोत वारले. ‘द बेकी शारिव्हारी’ मरणोत्तर, १९५२ मध्ये सिटिझन्स थिएटरने सादर केले. नायक सर जेम्स पाउन्स-पेलॉट हा हिंदुस्थानच्या मुलकी सेवेतून निवृत्त होऊन क्लाइड नदीच्या किनाऱ्यावरील बेकी या गावी परतलेला अधिकारी. नावात पंच आणि पाँटियस पायलेट दोघेही दडलेले. बायकोचे नाव जुडी. त्याचे राज्य संपले आहे आणि ज्या देशात तो परतला तो त्याला ओळखीचा राहिलेला नाही. मुलीला कोणत्या जगात सोडून जायचे हे समजून घ्यावे म्हणून तो त्या जगाच्या जाणकारांना बोलावतो. धर्म, साम्यवाद, मनोविश्लेषण, कला, नोकरशाही यांचे एकेक प्रवक्ते येतात आणि प्रत्येक जण त्याला मुक्तीचा मार्ग सांगतो. कठपुतळीतल्या पंचप्रमाणे तो काठी उचलतो आणि सगळ्यांना झोडपून मारतो. संहितेत पद्य, गद्य, स्कॉट्स आणि कचेरीची इंग्रजी एकमेकांवर आदळतात. ब्रायडी यांच्या कोणत्याही पूर्वीच्या नाटकात भाषा इतकी अस्वस्थ नव्हती.

हिंदुस्थानातून परतलेला प्रशासक पायलेट असावा, हात धुणारा न्यायाधीश असावा, ही निवड वरवरची नाही. ज्याने परक्या देशात वर्षानुवर्षे निवाडे केले त्याच्यावर आता निवाड्याची वेळ आली आहे, आणि निवाडा करणारे कोणी नाही. सत्तेचा तिसरा अंक त्याच्याच देशाने १९४७ मध्ये घाईने उरकलेला आहे. भारतीय वाचकाला येथे एक प्रश्न पडतो आणि तो नाटकात कोठेही विचारलेला नाही. ज्यांच्यावर त्याने राज्य केले त्यांच्यापैकी एकही सल्लागार म्हणून का येत नाही? सात प्रवक्त्यांत युरोप आणि अमेरिका आहे, हिंदुस्थान नाही. मेरी पॅटरसनची रिकामी जागा पुन्हा येथे दिसते.

पंचच्या मूळ खेळात पंच शेवटी सैतानालाही मारतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. ब्रायडी यांचा पाउन्स-पेलॉट सगळ्या प्रेषितांना मारतो, पण सैतान उभाच राहतो. प्रश्नाचे उत्तर त्याला मिळालेले नाही आणि उत्तराची वाट पाहत राहण्यावाचून त्याच्यापुढे मार्ग नाही. हातातली काठी मात्र त्याने खाली ठेवलेली नाही.